पितळेची मूठ

मुलांनो, डावा हात पुढे करा. बोटं अशी मिटा की आत एखादं मोठं लिंबू मावेल. आता समजा, ते लिंबू नाही, पितळेची मूठ आहे. गार, जड, गुळगुळीत. ती एका लोखंडी दांड्याच्या टोकावर बसवलेली आहे आणि तुम्ही एका लाल, बिनछपराच्या, दोनच माणसं बसतील अशा मोटारीत बसला आहात. इंजिन चालू आहे. समोर अंगण, अंगणापलीकडे उघडं फाटक. पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली आहेत. ती चिरडून गाडी पुढे जायची आहे, म्हणून सगळ्यांना गाडीच्या मागे, बंगल्याच्या पायऱ्यांवर बसवलं आहे. नऊ मुलं, चार बाया आणि एक म्हातारी आजी. सर्वांत खालच्या पायरीवर माझा भाऊ पोपट आहे, पाच वर्षांचा. त्याने पाय लांब सोडलेत. त्याच्या पायांपासून गाडीचा बंपर असेल चार हातांवर.

आता ती मूठ पुढे ढकला.

नको. थांबा. आधी ती तिथे कशी आली ते सांगते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या वडिलांचं, केरबा मिस्त्रींचं, एका लेथचं वर्कशॉप होतं. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. साल एकोणीसशे त्र्याहत्तर. मी बारा वर्षांची, सातवीत. शाळा सुटली की मी दप्तरासकट वर्कशॉपात जायचे, कारण तिथे माझं स्वतःचं काम असे. गल्लीतल्या बाया नवी भांडी घेऊन यायच्या आणि मी बारीक छिन्नीनं, ठिपक्याला ठिपका जोडत, त्यांच्यावर नावं घालायचे. "केरबाच्या शालनचं अक्षर म्हणजे छापील," असं बाया म्हणायच्या. ते ऐकून मी किती फुगले होते ते पुढे दिसेलच.

त्या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात हैबतराव शितोळे वर्कशॉपात आले. मोठे बागाईतदार. मुंबईहून जुनी विकत घेतलेली एक विलायती शर्यतीची गाडी त्यांच्याकडे होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. मी तेव्हा शाळेत होते. पुढचं बोलणं मला आण्णांनी फार नंतर सांगितलं.

"केरबा, बघ हिचा प्रताप," हैबतराव म्हणाले. त्यांच्या एका हातात गिअरची काळी, तडकलेली मूठ होती. दुसऱ्या तळहातावर लांब चीर पडली होती. "काल गिअर टाकताना हातातच आली. रक्त काढलं की माझं."

आण्णांनी मूठ कानाशी नेऊन हलवली. "आतले आटे झिजल्यात, सरकार. चिकटवून भागायचं न्हाई. पितळेची करू? जन्माला पुरंल."

"कर. आणि वर गिअरचे आकडे घाल. जुन्यावरचे कधीच पुसले. मला लागत नाहीत, माझा हात झोपेतसुद्धा चुकायचा नाही. पण दुसरं कोण बसलं तर? ही घोडी अनोळखी माणसाला लाथ मारती."

"म्हाईत हाय, सरकार. हिचं समदं उफराटं," आण्णा म्हणाले.

मी शाळेतून आले तेव्हा मूठ लेथवर तयार होऊन बसली होती. आण्णांनी ती चिंचेनं घासली होती. हातात घेतली तर माझं तोंड त्यात वाकडंतिकडं दिसलं.

"शाले, हिच्यावर आकडे घालायचे. भांड्यावर घालतीस तसे. मी चितारून देतो." त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं तीन उभ्या रेघा ओढल्या आणि मधून एक आडवी. आण्णांनी चौथीत शाळा सोडली होती, इंग्रजी त्यांना येत नव्हतं. म्हणून पहिल्या गिअरला त्यांनी एक ठिपका दिला, दुसऱ्याला दोन, असं पाचपर्यंत. गाडी मागे नेणाऱ्या उलट्या गिअरला दिली फुली. "ठिपक्याच्या जागी इंग्लिश आकडा घाल. फुलीच्या जागी काय त्यांचं ते अक्षर असतंय, ते घाल. आणि गप बसून कर, पितळ घसरतंय." एवढं सांगून ते बाहेर गिऱ्हाइकाशी बोलायला गेले.

मी पत्र्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं.

माझ्या शाळेच्या वाटेवर एका मोटार शिकवणाऱ्याची पाटी होती. तिच्यावर गिअरची आकृती रंगवलेली होती आणि ती मला पाठ होती. तिच्यात एकचा आकडा डाव्या कोपऱ्यात वर होता. आण्णांनी तो खाली काढला होता, आणि वर, जिथे पहिला असायला हवा, तिथे फुली.

मागच्याच महिन्यात आण्णांनी माझ्या इंग्रजीच्या पेपरावर सही केली होती, पेपर उलटा धरून. सगळा वर्ग हसला होता. बाई म्हणाल्या होत्या, "शालन, घरी कुणाला वाचता येत नाही का गं?" तेव्हा मला जे झालं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता मला वाटलं, आण्णांनी हेही उलटं काढलं. हैबतराव मूठ हातात घेतील, चष्मा लावतील आणि हसतील. मी तसं होऊ देणार नव्हते. मी वरची ओळ खाली घेतली, खालची वर. डाव्या कोपऱ्यात वर सुबक एकचा आकडा घातला आणि त्याच्या बरोबर खाली R हे अक्षर. ठिपके असे बसले की सोनारानं बघत राहावं. मग पत्र्यावरचा खडू मी परकरानं पुसून टाकला.

आण्णांना काही सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं.

अष्टमीला दिवस मावळायच्या आत हैबतराव गाडी वर्कशॉपच्या दारात लावून बाजारात गेले. आण्णांनी नवी मूठ दांड्यावर फिरवून बसवली आणि खालचा नट पान्यानं करकचून आवळला. "बस," ते मला म्हणाले. "एक चक्कर मारून बघू."

मी त्यांच्या शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा असल्या गाडीत. आण्णांनी मुठीवर तळहात ठेवला, दांडा डावीकडे नेऊन मागे ओढला, आणि गाडी पुढे निघाली.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. दांडा मागे, म्हणजे मुठीवर खाली. मुठीवर खाली मी R घातला होता. आणि गाडी पुढे चालली होती.

"आण्णा," मी विचारलं, "हिचा उलटा गिअर कुठं असतो?"

"वर. डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्या गाड्यांत जिथं पहिला असतोय न्हवं, तिथं हिचा उलटा. शर्यतीत पहिला गिअर एकदाच लागतोय, सुटताना. म्हणून त्याला बाजूला टाकलाय." आण्णांना शिकवायला आवडायचं. त्यांनी गल्लीच्या टोकाला गाडी थांबवली. "हे बघ." दांडा पुढे गेला, अगदी सहज. "पूर्वी हिला कुलूप असायचं, दांडा खाली दाबल्याबिगर उलटा पडायचा न्हाई. आता स्प्रिंग मऊ झालीया. लोण्यात सुरी जावी तसा जातोय. आता मागं बघ."

मी मागे पाहिलं. कंपाउंडच्या भिंतीवर पांढरा उजेड पडला होता.

"उलटा पडला की मागं त्यो पांढरा दिवा लागतोय. दिवा दिसला की मागच्यानं पळायचं." ते हसले. मान वळवून, मागे बघत, त्यांनी गाडी झपकन मागे घेतली. मुठीकडे त्यांनी पाहिलंच नाही. मूठ त्यांच्या तळहाताखाली झाकलेली होती.

दारात गाडी उभी करून ते म्हणाले, "आकडे बरोबर घातलेस न्हवं? मी काढलं तसेच?"

मुलांनो, त्या वेळी मी खरं बोलले असते तर पाच मिनिटांचं काम होतं. पाना तिथेच होता. कानस तिथेच होती. पण दारात शेजारचे फौंड्रीवाले उभे होते आणि मुठीवरून बोट फिरवत म्हणत होते, "केरबा, पोरगी आहे का कोण ही? काय अक्षर, राव!" आण्णांची छाती वीतभर फुगली होती.

"हो," मी म्हणाले.

हैबतराव परत आले, त्यांनी चष्मा न लावताच मूठ दाबून, हलवून पाहिली. "वा! असलं अक्षर तुझं नव्हं केरबा, पोरीचं असणार." मग त्यांच्या हातानं, न बघता, दांडा मागे ओढला आणि ते गाडी घेऊन गेले. मला बरं वाटलं. त्यांचा हात झोपेतही चुकत नव्हता. आकडे कोण वाचणार होतं?

सकाळी मात्र उठल्याबरोबर मला ती मूठच आठवली. ठरवलं, आण्णांना सांगायचं नाही. मूठ पॉलिश करायला हवी असं म्हणून ती परत मागवायची, आकडे कानशीनं काढायचे, नवे घालायचे. मी धावत वर्कशॉपात गेले. लेथवर झेंडूची माळ होती. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पाटावर मांडली होती. पाने, कानशी, हातोडे. माझी छिन्नीही त्यातच होती, हळदीकुंकू लावलेली. खंडेनवमी होती.

मी छिन्नीकडे हात नेला. आण्णा ओरडले, "अगं! आज हत्याराला हात न्हाई लावायचा. वरीसभर राबत्यात ती. आज त्यांचा आरामाचा दिवस. उद्या उचलायची."

"आण्णा, एक छोटं काम होतं..."

"उद्या. एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? चल, वेणी घाल. शितोळ्यांच्यात गाडीच्या पूजेला बोलावलंय आपल्याला."

बंगल्यात गाडी पायऱ्यांकडे पाठ करून उभी होती. बॉनेटवर हार. समोर पाटावर गाडीचीच हत्यारं मांडलेली, जॅक आणि दोन-तीन पाने, ओल्या हळदीत माखलेले. फाटकाशी हलगीवाला. हैबतरावांच्या म्हाताऱ्या आईनं काठी आपटून सगळ्या पोरांना पायऱ्यांवर हाकललं. "मागं बसा, मागं! गाडी पुढं जाणार, चाकाखाली याल मेल्यांनो." आणि स्वतः वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसल्या.

मी पोपटला घेऊन मधल्या पायरीवर बसले. तो निसटून सर्वांत खाली गेला. मी त्याला परत ओढलं नाही. हैबतरावच गाडी काढणार होते ना.

मग बंगल्यातून एक मुलगा आला. उंच, नुकती मिसरूड फुटलेला.

"हा संग्राम," हैबतराव आण्णांना म्हणाले. "पुण्याला असतो. गाडी शिकून आलाय. आज हाच काढणार."

"हिच्यावर हात बसलाय का धाकट्या मालकांचा?" आण्णांनी विचारलं.

"आजच पहिल्यांदा. काय रे, घाबरलास का?"

"छे, पप्पा," संग्राम म्हणाला आणि दरवाजा उघडून आत बसला. "गिअर तेवढे सांगा."

"मुठीवर लिहिलंय की! मुद्दाम घालून घेतलंय. वाचता येतं ना? का पुण्यात तेही शिकवलं नाही?"

सगळे हसले. संग्रामनं मुठीकडे वाकून पाहिलं. "पहिला आमच्या क्लासच्या गाडीसारखाच आहे," तो म्हणाला.

मी उठून आण्णांना हाक मारली. ते गाडीच्या पलीकडे, पाटापाशी हात जोडून उभे होते. तेवढ्यात हलगी सुरू झाली. मी पुन्हा ओरडले. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, बस खाली. आजींनी मागून काठीनं माझा खांदा दाबला. "बस गं. दिसंना आमाला."

"पोपट, वर ये," मी म्हणाले.

"का?"

"ये म्हणते ना!"

"न्हाई. मला धूर बघायचा हाय."

इंजिन सुरू झालं. पोपटच्या पायांवर धूर आला. तो खिदळला. संग्रामच्या आईनं चाकांपुढे लिंबं सरकवली आणि ती बाजूला झाली. हैबतरावांनी नारळ उचलला. "थांब हां, संग्राम. गिअर टाकून ठेव. नारळ फुटला की सोड क्लच. लिंबं फुटली पाहिजेत, हळू नको."

त्याचा खांदा पुढे झुकलेला मला दिसला.

आणि माझ्या समोर, पोपटच्या डोक्यापलीकडे, गाडीच्या मागचा पांढरा दिवा लागला.

ऊन होतं. दिवा कुणाला दिसण्यासारखा नव्हता. दिसला असता तरी त्याचा अर्थ कुणाला कळला असता? आण्णा पुढे उभे होते. हैबतरावांचा नारळ डोक्याच्या वर गेला होता.

मी कशी पळाले ते आठवत नाही. पोरांच्या मांड्यांवर पाय देत उतरले एवढं खरं. गाडीला छप्पर नव्हतं हे नशीब. दरवाज्यावर पोट टाकून मी आत लोंबले आणि किल्ली फिरवून ओढून घेतली.

इंजिन मेलं. मग हलगी थांबली. नारळ हैबतरावांच्या हातातच राहिला.

"अगं बया!" वरून आजींचा आवाज आला. "ऐन मुहूर्ताला गाडी बंद पाडली कार्टीनं! सणाचा दिवस!"

"केरबा, पोरीला आवर!" हैबतराव गरजले.

आण्णांनी येऊन माझं मनगट धरलं. असं त्यांनी कधीच धरलं नव्हतं. "काय केलंस हे, शाले? किल्ली दे."

मी मुठीकडे बोट केलं. मग मागे, पोपटकडे.

"पप्पा, मी बरोबर टाकला होता," संग्राम म्हणाला. "हे बघा ना, एक. वर."

हैबतरावांनी चष्मा लावला. मूठ पाहिली. मग दांडा कुठे आहे ते पाहिलं. मग मान वळवून पायऱ्या पाहिल्या, खालपासून वर त्यांच्या आईपर्यंत. पोपट अजून पाय हलवत होता. हैबतरावांनी नारळ जमिनीवर ठेवला.

"संग्राम, खाली उतर," ते अगदी हळू म्हणाले. "केरबा. इकडे ये. हे काय घातलंय?"

आण्णांनी माझं मनगट न सोडता वाकून पाहिलं. त्या मुठीकडे त्यांनी पहिल्यांदाच असं पाहिलं. एक बोट ठिपक्यांवरून फिरवलं, आंधळा फिरवतो तसं. डाव्या कोपऱ्यात वर ते बोट थांबलं. एकचा आकडा त्यांना वाचता येत होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अक्षर पोरीचं हाय, सरकार," ते म्हणाले. "पर चितारून म्या दिलं हुतं. म्या अडाण्यानं उलटं काढलं. तिनं बिचारीनं तसंच घातलं. चूक माझी."

"चूक? माझी आई बसलीय मागं, केरबा!"

"व्हय, सरकार."

"वीस वर्षं डोळे झाकून गाड्या देतोय तुझ्याकडं."

"व्हय."

पायऱ्यांवरून कुणीतरी म्हणालं, "बापाला कळंना ते पोरीला कळलं, म्हणून वाचलो. उलटं-सुलटं समजत न्हाई आणि म्हणं मिस्त्री!" दोघं-तिघं हसले.

आण्णांची मान खाली गेली.

"काढ ती मूठ," हैबतराव म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आणि पुन्हा या फाटकात..." पुढचं त्यांनी गिळलं.

"काढतो, सरकार. पर आज हत्यार पूजेत हाय. उद्या उजाडताच येतो."

पत्र्यावरचा खडू मी पुसला होता. आण्णांनी काय काढून दिलं होतं ते जगात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यांतल्या एकानं आत्ताच सर्वांसमोर खोटं सांगितलं होतं.

मी मनगट सोडवून घेतलं. पाटापाशी गेले. आजी वरून ओरडल्या, "ए पोरी, हात लावू नको! पूजेतलं हत्यार हाय!" आण्णाही म्हणाले, "शाले, न्हाई." मी वाकून पाना उचलला. झेंडूचं फूल घसरून खाली पडलं. ओली हळद माझ्या तळव्याला लागली.

गाडीत चढले. गुडघे सीटवर टेकले.

"आण्णांनी बरोबर काढलं होतं," मी म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले, पायऱ्यांपर्यंत जाईल असं. "आण्णांनी बरोबर काढलं होतं. मीच फिरवलं. त्यांनी विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले."

मी मुठीखालच्या नटाला पाना लावला आणि ओढला. नट हलला नाही; आण्णांनी करकचून आवळला होता. मी दोन्ही पाय टेकवले, दोन्ही हात पान्यावर घेतले आणि पुन्हा जोर लावला.